‘विहिरीत उतर’: मराठी शब्दखेळांसाठी एक छोटी भाषा घडवताना

पार्श्वभूमी

साताऱ्यातल्या एका वाचनालयाने उन्हाळ्याच्या सुट्टीत आठवी ते दहावीच्या मुलांसाठी शब्दखेळ तयार करण्याचा वर्ग घेतला. शब्दखेळ म्हणजे ज्यात चित्र नाही, आवाज नाही, सगळा मजकूरच. पडद्यावर जागेचं वर्णन येतं, खेळणारा ‘कंदील घे’ किंवा ‘खाली जा’ असं टाईप करतो आणि गोष्ट पुढे सरकते. वर्ग दोघांनी मिळून घेतला. एक निवृत्त मराठीच्या शिक्षिका, ज्यांना अख्खं वाचनालय ‘बाई’ म्हणतं. दुसरा पुण्याच्या कंपनीचं काम साताऱ्यात घरी बसून करणारा प्रोग्रामर, म्हणजे मुलांचा ‘दादा’. मी तिथल्या संगणकांची देखभाल करतो, म्हणून सगळं जवळून बघायला मिळालं. कुणाची ओळख पटेल असे तपशील इथे गाळले आहेत.

हा खेळप्रकार जुना आहे. विल क्राउदर या अमेरिकन प्रोग्रामरने १९७६ च्या सुमारास पीडीपी-१० संगणकावर, फोरट्रान भाषेत ‘कोलॉसल केव्ह ॲडव्हेंचर’ लिहिला. क्राउदरला गुहा धुंडाळायचा नाद होता. केंटकीतल्या मॅमथ केव्हचा त्याच्या पायाखालचा भागच खेळाचा नकाशा झाला. १९७७ मध्ये डॉन वूड्सने त्यात भर घातली आणि खेळ विद्यापीठांमधून पसरला. दादाने पहिल्या दिवशी हे सांगितलं तेव्हा बाई लगेच म्हणाल्या, “मग आपल्याकडे गुहा नसली तरी लिंबची विहीर आहे की!”

लिंबची बारा मोटेची विहीर साताऱ्याजवळच आहे. १७१९ ते १७२४ या काळात, छत्रपती शाहूंच्या कारकिर्दीत, वीरूबाई भोसले यांनी ती बांधून घेतली. वरून पाहिलं तर आकार शिवलिंगासारखा, आत पायऱ्या, आणि विहिरीच्या पोटात चक्क खांबांचा महाल. मुलं एसटीने जाऊन वहीत नकाशे काढून आली. कोणती पायरी कुठे वळते, महालातून कोणत्या कमानीतून पाणी दिसतं, मोटेचे थारे, म्हणजे मोट लावायच्या जागा, कुठे आहेत, हे सगळं त्यात होतं. खेळाचा नकाशा हाताशी आला होता. तो संगणकाला सांगायचा कशात, हा प्रश्न उरला.

अडचण

सुरुवात ट्वाइनने झाली. क्रिस क्लिमासने २००९ मध्ये आणलेलं हे मोफत साधन ब्राउझरमध्ये चालतं आणि देवनागरी मजकूर विनातक्रार दाखवतो. मुलांनी भराभर गोष्टी रचल्या. पण ट्वाइनमधली नेहमीची गोष्ट दुव्यांवर टिचक्या मारत पुढे जाते. नववीतल्या एका मुलीने, जी विहिरीचा खेळ लिहीत होती, दादाला विचारलं, “यात ‘मोट ओढ’ असं खेळणाऱ्याला स्वतः सुचायला हवं. पडद्यावर ‘मोट ओढा’ असा दुवा दिसला, तर कोडं राहिलं कुठं?”

तिचं म्हणणं खोडून काढता येईना. दुवा दाखवला की उत्तरही दाखवलं गेलं. मुलांना हवी होती ती टाईप केलेली आज्ञा, आणि तीही मराठीत.

समोर कोणते पर्याय होते

तयार साधनांमध्ये इन्फॉर्म सगळ्यात जाणतं. ग्रॅहॅम नेल्सनने १९९३ मध्ये ते आणलं. २००६ च्या सातव्या आवृत्तीपासून त्यात इंग्रजी वाक्यांतच खेळ लिहिता येतो. दादाने नमुना दाखवला तेव्हा बाईंना तो भलताच आवडला: “असंच मराठीत करा ना.” पण इन्फॉर्मचं आज्ञा ओळखणारं यंत्र क्रियापद आधी येणार असं धरून घडलेलं आहे, आणि मराठीत ते शेवटी येतं. शिवाय हे खेळ ज्या झेड-मशीनवर चालवता येतात, ते १९७९ साली इन्फोकॉम या कंपनीच्या खेळांसाठी बेतलेलं काल्पनिक, म्हणजे प्रोग्रामने उभं केलेलं यंत्र. त्याच्या पुढच्या आवृत्त्यांतही शब्दकोशातला शब्द नऊ संकेतांपर्यंतच जुळवला जातो, आणि मूळ वर्णमालेबाहेरचं एकेक चिन्ह चार संकेत खातं. म्हणजे नेहमीच्या मांडणीत देवनागरी शब्दाची जेमतेम पहिली दोन चिन्हं लक्षात राहणार. ‘किल्ली’, ‘किल्ला’ आणि ‘किनारा’ तिन्ही एकच. ग्लुल्क्स या नव्या यंत्रावर ही मर्यादा नाही, पण शब्दक्रमाची अडचण तिथेही सुटत नाही.

थेट पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत लिहायला लावणं हा दुसरा पर्याय. दहावीतले दोघे-तिघे तयारही होते. बाकीच्यांना एक कंस राहिला म्हणून इंग्रजीतला लालभडक संदेश बघावा लागला असता, आणि त्यातल्या बहुतेकांकडे घरी संगणक नव्हता, फक्त आईचा किंवा वडिलांचा फोन.

तिसरा पर्याय तक्त्याचा. एका रकान्यात जागा, दुसऱ्यात वर्णन, पुढे दिशा. ‘कोलॉसल केव्ह’नेही गुहेचा नकाशा आणि मजकूर प्रोग्रामबाहेर, वेगळ्या फाईलमध्ये तक्त्यांच्या रूपात ठेवला होता. दोन-चार मिनिटांच्या चर्चेत हा पर्याय बाद झाला. कारण काय, तर वर्णनं लांब असतात आणि ती रकान्यात मावत नाहीत. मला वाटतं त्याला जरा जास्त वेळ द्यायला हवा होता. त्याबद्दल पुढे.

शेवटी ठरलं की स्वतःची छोटी भाषा करायची. बाईंनी एकच अट घातली: तिचं सगळं व्याकरण वहीच्या एका पानावर मावलं पाहिजे.

वाक्यं की ओळी

पहिला वाद इथेच झाला. बाईंना ‘कंदील विहिरीच्या तोंडाशी ठेवलेला आहे’ असं सरळ मराठी वाक्य लिहून संगणकाला कळायला हवं होतं. दादाचं म्हणणं, “बाई, असं वाक्य चाललं की मुलं ‘तोंडाशी कंदील पडलाय’ हेही लिहिणार. तेही मराठीच आहे, पण माझ्या प्रोग्रामला ते कळणार नाही. मग चूक कुणाची म्हणायची?” मराठीसारखी दिसणारी पण सगळी मराठी न समजणारी भाषा मुलांना जास्त छळेल, हा त्याचा मुद्दा. बाईंनी तो मान्य केला, थोडा नाइलाजाने.

ठरलं ते असं. प्रत्येक ओळीत आधी ठरलेला शब्द, मग दोन टिंबं, मग मजकूर:

जागा: विहिरीचं तोंड
वर्णन: पायऱ्या खाली अंधारात जातात. वाऱ्याला ओलसर वास आहे.
खाली: महाल

वस्तू: कंदील
रूपे: कंदिला
कुठे: विहिरीचं तोंड

नियम: कंदील लाव
जर: कंदील जवळ, काडेपेटी जवळ
खूण: उजेड
सांग: वात धरली आणि महालाचे खांब दिसू लागले.

ओळ आत सरकवून लिहिणं नाही, कारण फोनवर मोकळ्या जागा मोजून टाकणं जिकिरीचं. ‘संपलं’ असा शेवटचा शब्दही नाही, कारण निम्मी मुलं ‘संपले’ लिहिणार. नवी ‘जागा’, ‘वस्तू’ किंवा ‘नियम’ आला की आधीचा आपोआप संपला. ‘जर’च्या ओळीत स्वल्पविराम म्हणजे ‘आणि’. ‘किंवा’ मुद्दाम ठेवला नाही. लागलाच तर दोन नियम लिहायचे.

एवढं साधं करूनही पहिल्याच दिवशी दोघांच्या फाईली चालेनात. ओळी तंतोतंत बरोबर दिसत होत्या. दादाने चिन्हं एकेक करून तपासली तेव्हा कळलं की मुलांनी दोन टिंबांच्या जागी विसर्ग टाईप केला होता. फोनच्या मराठी कीबोर्डवर तो हाताशी असतो, आणि ‘जागाः’ आणि ‘जागा:’ यांतला फरक डोळ्यांना दिसत नाही. ठरलेल्या शब्दानंतर विसर्ग आला तर त्याला दोन टिंबं समजायचं, असा नियम त्याने त्याच संध्याकाळी घातला. मजकुरातल्या ‘दुःख’ला धक्का लागत नाही, कारण तपासणी ओळीच्या पहिल्या शब्दापुरतीच आहे.

किल्लीचे तुकडे आणि दोन प्रकारच्या पायऱ्या

खेळणाऱ्याने टाईप केलेली ओळ शब्दांत तोडायला दादाने पायथॉनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधली (मजकुरात नमुने शोधायची सोय) ‘शब्दातलं अक्षर’ ओळखणारी नेहमीची खूण वापरली. इंग्रजीत ती डोळे झाकून चालते. ‘किल्ली घे’ दिल्यावर मात्र हाती आलं: क, ल, ल, घ. पायथॉनची ही खूण अक्षरं आणि अंक धरते. वेलांटी, काना, मात्रा, हलन्त ही युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांतल्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) हिशेबात ‘जोडचिन्हं’ असल्यामुळे ती त्यांना शब्दाबाहेरची समजते. गंमत म्हणजे त्याच पायथॉनला ‘किल्ली’ हे चलाचं (प्रोग्राममध्ये माहिती साठवायच्या जागेचं) नाव म्हणून पूर्ण मान्य असतं. उपाय सोपा निघाला. अक्षर कोणतं हे शोधण्याऐवजी मोकळी जागा आणि विरामचिन्हांवर ओळ तोडायची.

दुसरी अडचण जास्त चिवट होती. ‘पायऱ्या बघ’ ही आज्ञा वाचनालयाच्या संगणकावर चाले, एका मुलाच्या फोनवरून चालत नसे. कारण तो शब्द दोन तऱ्हांनी साठवला जातो. काही कीबोर्ड स्वतंत्र ‘ऱ’ वापरतात. काही साधा ‘र’, हलन्त आणि झीरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह मिळून तोच आकार काढतात. पडद्यावर दोन्ही सारखेच. युनिकोडच्या प्रमाणित रूपात आणणाऱ्या प्रक्रियेने इतर काही फरक मिटतात, हा मिटत नाही. विहिरीच्या खेळात पायऱ्या पदोपदी, त्यामुळे हे सोडून देणं शक्य नव्हतं. मग तुलना करण्यापुरतं न दिसणारं चिन्ह काढून टाकायचं आणि ‘ऱ’चा ‘र’ करायचा, असं ठरलं. पडद्यावर दाखवताना लेखकाने लिहिलेलंच दाखवायचं.

विभक्ती: जिथे सगळ्यात जास्त वेळ गेला

मराठी आज्ञेत वस्तूचं नाव जसंच्या तसं फार वेळ राहत नाही. ‘कंदील घे’ ठीक आहे. पण ‘कंदिलात तेल ओत’, ‘किल्लीने दार उघड’, ‘दोर मोटेला बांध’, ‘विहिरीत डोकाव’ यांतल्या बहुतेक शब्दांचं रूप बदललेलं आहे. प्रत्यय लागण्याआधी नाम सामान्यरूपात जातं आणि जाताना वेलांटी-उकारही बदलतं.

दादाने आधी सरळ रस्ता धरला. शब्दाच्या शेवटी ‘ला’, ‘ने’, ‘त’, ‘वर’, ‘तून’ असं काही दिसलं की कापायचं, उरेल ते वस्तूचं नाव. त्यात ‘हात’चा ‘हा’ झाला, ‘दागिने’चा ‘दागि’ झाला आणि ‘किल्ला’ नुसताच ‘किल्’ होऊन बसला. बाईंनी फळ्यावर हे शब्द मांडले आणि म्हणाल्या, “अरे, शेवटून कशाला कापतोस? सामान्यरूप आधी धर, आणि त्याला पुढे काय चिकटलंय ते बघ.”

माझ्या मते सगळ्या प्रकरणातला कळीचा निर्णय हाच, आणि तो प्रोग्रामरला नाही, व्याकरण शिकवणाऱ्या बाईंना सुचला. खेळ सुरू होतानाच प्रत्येक वस्तूच्या प्रत्येक रूपाला प्रत्येक प्रत्यय लावून यादी तयार करायची. मग टाईप झालेला शब्द यादीत आहे की नाही एवढंच बघायचं. चाळीस वस्तू, प्रत्येकी दोन रूपं आणि वीसेक प्रत्यय धरले तरी सोळाशे नोंदी होतात. जुन्यातल्या जुन्या संगणकाला त्या किरकोळ आहेत. ‘हात’ यादीत ‘हात’ म्हणूनच आहे, त्यामुळे त्याचा ‘हा’ होण्याचा प्रश्नच मिटला.

पण सामान्यरूप लिहायचं कुणी? दादाला ते नियमांनी काढायचं होतं. दिवा–दिव्या, पेटी–पेटी, कंदील–कंदिला इथपर्यंत नियम चालले. व्यंजनाने संपणाऱ्या स्त्रीलिंगी शब्दांपाशी गाडी अडली. मोटचं मोटे होतं, विटेचं मूळ वीट. पण विहीरचं विहिरी आणि भिंतचं भिंती. नुसती अक्षरं बघून कुठे ‘ए’ आणि कुठे ‘ई’ ते सांगता येत नाही. म्हणून ‘रूपे:’ ही ओळ लेखकाकडेच सोपवली. मुलांना ते अवघड जाईल अशी दादाला भीती होती. बाईंनी शाळेतली युक्ती सांगितली: “शब्दाला ‘ला’ लावून मोठ्याने म्हण, मग ‘ला’ काढून टाक. भिंतीला, भिंती. झालं रूप.” मराठी कानावर वाढलेलं मूल यात चुकत नाही, आणि खरंच फारसं कुणी चुकलं नाही.

प्रत्यय कळायला लागल्यावर एक फायदा आपसूक मिळाला. ‘किल्लीने दार उघड’ आणि ‘दार किल्लीने उघड’ यांत फरक करायची गरज उरली नाही. कशाने आणि काय, हे प्रत्ययच सांगतो. इंग्रजी साधनांमध्ये यासाठी शब्दक्रम सांभाळावा लागतो, इथे कोणताही क्रम चालतो. क्रियापदही शेवटीच हवं असा आग्रह ठेवला नाही, कारण घाईत मुलं ‘उघड दार’ही लिहितात.

काही गाठी तरीही उरल्या. ‘किल्ल्या’ हे किल्लीचं अनेकवचन आहे आणि किल्ल्याचं सामान्यरूपही. एका खेळात अजिंक्यतारा होता आणि किल्ल्यांचा जुडगाही. सामान्यरूप प्रत्ययाशिवाय एकटं येत नाही, म्हणून ‘किल्ल्या घे’ म्हणजे जुडगा, ‘किल्ल्याला’ म्हणजे अजिंक्यतारा, इतकं ठरवता आलं. पण फोनवर टाईप करताना मुलं ‘किल्ल्या वर चढ’ असं तोडून लिहीत, आणि नुसता ‘वर’ म्हणजे दिशाही असते. तिथे खेळ उलट विचारतो: ‘किल्ल्यावर चढायचं आहे का?’

कुठे कडक, कुठे मऊ

‘विहिर’ लिहिलेलं चालवायचं का? बाईंचं उत्तर सरळ ‘नाही’. शुद्धलेखन शिकवण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. दादाला वाटत होतं की खेळणारा अंधाऱ्या महालात अडकलेला असताना त्याला वेलांटी शिकवू नये. दोघांनी मध्यरेषा आखली, आणि ती मला अजूनही पटते: खेळ लिहिणाऱ्याशी कडक, खेळणाऱ्याशी मऊ. खेळणाऱ्याच्या आज्ञेत ऱ्हस्व-दीर्घ एकच धरायचं. लेखकाच्या फाईलमध्ये मात्र चूक दाखवायची, तीही ओळ क्रमांकासकट: ‘ओळ १४: “विहिर” नावाची जागा नाही. “विहीर” म्हणायचं आहे का?’

ऱ्हस्व-दीर्घ एक केल्याने दोन वेगळी नावं एकत्र आली, तर खेळ सुरू होण्याआधीच इशारा मिळतो. एका खेळात ‘शिला’ नावाचा दगड आणि ‘शीला’ नावाची मुलगी होती. लेखकाने मुकाट्याने दगडाला ‘धोंडा’ केलं.

मऊपणाची हद्द ‘उतर’ने ठरवली. सुरुवातीच्या आवृत्तीत अनोळखी शब्द आला की खेळ जवळात जवळचा शब्द स्वतःच धरून घेई. क्रियापदांच्या यादीत ‘उतर’ टाकायचं राहून गेलं होतं. विहिरीच्या काठावर उभ्या असलेल्या मुलाने ‘पायऱ्या उतर’ टाईप केलं, खेळाने ‘उत्तर’ वाचलं आणि त्याला उत्तरेकडच्या शेतात नेऊन सोडलं. तो दहा मिनिटं विहीर शोधत बसला. त्यानंतर नियम झाला की खेळ सुचवेल, विचारेल, पण आपणहून दुरुस्ती करणार नाही.

खेळाने कसं बोलायचं

इंग्रजी शब्दखेळ वस्तू उचलली की ‘टेकन’ म्हणतात आणि मोकळे होतात. मराठीत कंदील घेतला, किल्ली घेतली, फूल घेतलं, फुलं घेतली. खेळणारा आत ‘आलास’ की ‘आलीस’ हा प्रश्न आणखी वेगळा. ‘तुम्ही आत आलात’ म्हटलं तर लिंगाची भानगड मिटते, पण मुलांना ते पटेना. खेळ आपल्याला अहो-जाहो का करतो, असं त्यांचं म्हणणं. सुरुवातीला ‘मुलगा की मुलगी’ विचारायचं, तर लेखकाला प्रत्येक वाक्य दोनदा लिहावं लागणार.

शेवटी खेळाच्या स्वतःच्या संदेशांतून अशी क्रियापदंच काढून टाकली. कंदील उचलला की उत्तर येतं: ‘कंदील आता तुझ्याजवळ.’ बाईंना ते तार आल्यासारखं वाटलं, आणि वाचायला ते कोरडं आहेच. वस्तूंना ‘लिंग:’ ही ओळ सक्तीची करून बघितली होती, पण निम्म्यांनी ती गाळली आणि फाईली अडल्या. मग ‘घेतल्यावर:’ अशी ऐच्छिक ओळ दिली, तिथे लेखक हवं ते लिहू शकतो. मुलांनी जवळपास प्रत्येक वस्तूला ती ओळ लिहिली. एकीने तर मोटेसाठी लिहिलं, ‘मोट तुला उचलणार नाही, आणि तू तिला नाही.’

नियमांचा क्रम

हे थोडक्यात. एकाच आज्ञेला दोन नियम लागू पडले तर आधी लिहिलेला चालतो. इन्फॉर्मची सातवी आवृत्ती जास्त नेमका नियम स्वतः ओळखून पुढे आणते. पण ते नेमकं कसं ठरलं हे मुलांना समजावणं कठीण. क्रम डोळ्यांना दिसतो. सर्वसाधारण नियम वर आला तर खालचा खास नियम कधीच चालत नाही, म्हणून तसा इशारा दिला: ‘ओळ ३१ पर्यंत खेळ कधीच पोहोचणार नाही.’ कंदिलातलं तेल संपायला हवं या हट्टापायी ‘मोजणी:’ ही ओळ नंतर आली. ‘कोलॉसल केव्ह’मधल्या दिव्याची बॅटरीही संपत असे, हे दादाने सांगून ठेवलंच होतं. देवनागरी अंक पायथॉन कसलीही वेगळी तजवीज न करता वाचतो, तेवढं काम वाचलं.

निकाल

सुट्टी संपेपर्यंत बहुतेक जोड्यांचे खेळ पहिल्यापासून शेवटपर्यंत चालत होते. काहींचे तीनच जागांचे राहिले. व्याकरणाचं पान एकच राहिलं, मात्र दोन्ही बाजूंनी भरलं.

खरी परीक्षा शेवटच्या दिवशी झाली, पालक खेळायला बसले तेव्हा. विहिरीच्या खेळात थाऱ्यापाशी पोहोचलेल्या एका आजोबांनी, नातवाकडून टाईप करून घेत, आधी ‘बैल जुंप’ म्हटलं आणि मग ‘मोट हाक’. खेळाला दोन्ही कळलं नाही. लेखिकेच्या यादीत फक्त ‘ओढ’ होतं. “बैलांशिवाय मोट ओढणार कोण?” आजोबांनी विचारलं. तिने तिथेच फाईल उघडून बैलांची जोडी घातली. नव्या भाषेत हे पाच-सात ओळींचं काम होतं. तिने ते कुणाच्या मदतीशिवाय केलं, आणि आजोबांनी दुसऱ्या प्रयत्नात पाणी काढलं.

वेगळं काय करता आलं असतं

भाषा ठरवण्याआधी एक दिवस संगणकाशिवाय खेळायला हवं होतं. एका मुलाने संगणक व्हायचं, दुसऱ्याने चिठ्ठीवर आज्ञा लिहायच्या. ‘उतर’, ‘जुंप’, ‘हाक’, तोडून लिहिलेले प्रत्यय, हे सगळं त्या चिठ्ठ्यांत पहिल्याच दिवशी दिसलं असतं. न कळलेल्या आज्ञा फाईलमध्ये नोंदवायची सोय दादाने शेवटच्या आठवड्यात केली. ती आधी असती तर क्रियापदांची यादी अंदाजाने बनवावी लागली नसती. असं करायला घेणाऱ्या कुणालाही मी ही नोंदवही भाषेच्याही आधी तयार करायला सांगेन.

तक्त्याबद्दल: जागा आणि दिशा तक्त्यात, आणि नियम व वर्णनं मजकुरात, अशी विभागणी जमली असती. लिहिताना मुलं सगळ्यात जास्त गोंधळली ती ‘महालाच्या खाली पाणी आहे, मग पाण्याच्या वर महाल लिहिलाय का?’ यात. तक्त्यात ही चूक एका नजरेत पकडता येते. दादाने नंतर एकतर्फी वाटांचा इशारा घातला. तो उपयोगी आहे, पण दुय्यम.

‘मोजणी’ ठेवायला नको होती, असं बाईंचं मत आहे. तेल संपल्यावर खेळणारा पहिल्यापासून सुरुवात करतो आणि चिडतो. दादा ती काढायला तयार नाही. मी बाईंच्या बाजूचा आहे.

सध्याची स्थिती

सुट्टीनंतर दादाने ‘रूपे:’मध्ये अनेकवचनाचं सामान्यरूपही घेतलं आणि त्या ओळीची मांडणी बदलली. त्याबरोबर सुट्टीतले सगळे खेळ बंद पडले. म्हणून आता प्रत्येक फाईलची पहिली ओळ ‘आवृत्ती: १’ किंवा ‘आवृत्ती: २’ अशी असते, आणि चालवणारा प्रोग्राम दोन्ही वाचतो. इन्फोकॉमच्या गोष्टींच्या फाईलमध्येही अगदी पहिला बाइट आवृत्तीचा असे, त्यामुळे कोणत्या नियमांनी वाचायचं हे यंत्राला आधीच कळे. विहिरीचा खेळ पहिल्या आवृत्तीतच ठेवला आहे. लेखिका आता दहावीत आहे. परीक्षा झाल्यावर ती तो दुसऱ्या आवृत्तीत आणणार आहे, बाराही मोटा आणि बैलांच्या बारा जोड्यांसकट.